तिसरं पाणी

नूरुद्दीन शेखच्या सात पिढ्यांत कोणाकडे मूठभर जमीन नव्हती. बाप ब्रह्मपुरीच्या बाजारात भांड्यांना कल्हई लावायचा, आजोबाही तेच करायचे. तरी हा पठ्ठ्या दहावीनंतर शेतीची दोन वर्षांची पदविका करून बसला, आणि १९९१ साली सरकारनं त्याला कृषी सहायक करून सावली गावाकडच्या सात खेड्यांवर सोडून दिलं. धानाचा मुलूख हा. इथलं लेकरू पहिलं पाऊल टाकतं तेच बांधीच्या धुऱ्यावर, म्हणजे धानाच्या खाचराच्या बांधावर. अशा लोकांना शेती शिकवायला कल्हईवाल्याचा पोरगा आला म्हटल्यावर काय होणार? जे व्हायचं तेच झालं.

हरणटोल्याची पहिली सभा विहाराच्या ओट्यावर होती. सभा म्हणजे अकरा माणसं आणि सावलीला येऊन बसलेली दोन कुत्री. नूरुद्दीननं घसा साफ करून बियाण्याबद्दल बोलायला सुरुवात केली, तोच मागून देवराव रामटेकेनं विचारलं, "साहेब, तुमच्या बापानं कधी नांगर धरला का?"

"नाई धरला, भाऊ."

"मंग तुमी आमाले का शिकवता?"

ओटा हसला. नूरुद्दीनही हसला, पण कान लाल झाले ते झालेच. मग तो म्हणाला, "बापानं धरला नाई म्हनून तं पुस्तक वाचून आलो ना, भाऊ. आता तुमी जे सांगाल तेही लिहून घेतो." आणि खरंच त्यानं पिशवीतून वही काढली. देवरावनं त्याला दोन गोष्टी सांगितल्या, एक खरी आणि एक मुद्दाम थापेची. नूरुद्दीननं दोन्ही लिहून घेतल्या. आठवड्यानं येऊन म्हणाला, "भाऊ, ती दुसरी काही पटली नाई." देवरावनं त्या दिवशी त्याला चहा पाजला. पण 'साहेब' म्हणणं काही सोडलं नाही, आणि त्याच्या तोंडी 'साहेब' हा शब्द शिवीच्या शेजारीच बसलेला असायचा.

हा देवराव म्हणजे साठीला टेकलेला, काटक, तोंडाचा फटकळ माणूस. बोडीच्या, म्हणजे गावतळ्याच्या, पाण्याखाली दोन एकर, त्याच्या चार बांध्या, आणि घरात खाणारी पाच तोंडं. त्या चार बांध्यांतला भात वर्षभर पुरायचा. विकायला उरत नसे आणि मागायला जावं लागत नसे. मागायला जावं लागत नाही, याचा त्याला भारी गर्व होता.

नूरुद्दीनला गावांनी आधी स्वीकारलं ते धानामुळे नव्हे, परसबागेमुळे. त्याची बायको जैनब जुन्या कॅलेंडरच्या कागदाच्या पुड्या बांधायची. कुठं वांग्याचं बी, कुठं दोडक्याचं, कुठं पपईचं. एखाद्या पुडीवर मार्चचा शनिवार असायचा, एखादीवर ईदचा चांद. सायकल कुंपणाला टेकवून नूरुद्दीन बाहेरूनच हाक मारायचा, "बाई, न्हाणीचं पानी कुठी जाते तुमचं?" आणि ते पाणी जिथं वाया जाई तिथं पपई लावायला सांगायचा. बायकांना हे पटलं. न्हाणीचं पाणी फुकटचं आणि पपईही फुकटची. देवरावची बायको अंजनाबाई, तिच्या दारी दोन वर्षांत दोन पपया अशा लागल्या की शेजारणी टोपली घेऊन यायला लागल्या.

म्हणून ९३ सालच्या जूनमध्ये नूरुद्दीननं धानाच्या बियाण्याची मिठाची प्रक्रिया दाखवायला अंगण मागितलं, तेव्हा अंजनाबाई हो म्हणाली. देवराव म्हणाला, "पपई वेगळी, धान वेगळा. पपई गेली तं पपई गेली. धान गेला तं खायचं का?"

"एक डाव पाहून तं घ्या," अंजनाबाई म्हणाली. "त्या पोराले का आपलं वाईट कराचं हाये?"

झालं. अंगणात बादली आली, मीठ आलं. नूरुद्दीननं दहा लिटर पाण्यात तीनशे ग्रॅम मीठ मोजून टाकलं, ढवळलं, आणि त्यात बी ओतलं. पाण्यावर पोचट दाण्यांची जाड साय आली. ती त्यानं चाळणीनं काढून देवरावच्या हातावर ठेवली. देवरावनं एक दाणा नखानं फोडला, आत काहीच नव्हतं. दुसरा फोडला, तसाच. "एवढं पोचट आमी दरसाल पेरत होतो?" तो म्हणाला. फटकळ माणसाच्या तोंडून हे निघालं म्हणजे अर्धी लढाई जिंकली होती. बारा-तेरा माणसं अंगणात वाकून पाहत होती. नूरुद्दीनला नोकरीत पहिल्यांदा वाटलं की आपण कामाचे आहोत.

आणि नेमका तेव्हाच सायकलवरून शिपाई आला. सावलीच्या ऑफिसात मोठे साहेब आले आहेत, रजिस्टर घेऊन लगेच या. आता या शिपायाला अर्ध्या तासानं यायला काय झालं होतं? पण नाही. नूरुद्दीन ओल्या हातानंच सायकलवर बसला आणि जाता जाता ओरडून सांगून गेला, "बाकी बी सावलीत वाळवजा, अंजनाबाई." रजिस्टरात त्यानं त्या दिवशीच लिहून टाकलं, 'प्रात्यक्षिक यशस्वी.'

पाऊस त्या साली उशिरा आला. मृग कोरडा गेला, आर्द्रा अर्धी गेली. मग एकदाचे पऱ्हे पडले. पऱ्हे म्हणजे धानाची रोपं, आधी एका तुकड्यात दाट वाढवायची आणि मग उपटून चिखलात रोवायची. बारा दिवसांत सगळ्यांचे पऱ्हे हिरवे झाले. देवरावचा तुकडा चाई पडलेल्या डोक्यासारखा दिसत होता, इथं एक झुबका, तिथं एक झुबका, मधे नुसती माती.

नूरुद्दीन आला तेव्हा देवराव धुऱ्यावर बसला होता. तो ओरडला नाही, आणि तेच वाईट होतं. एवढंच म्हणाला, "साहेब, पुरं बी टाकलं होतं. घरात दाना नाई ठेवला."

नूरुद्दीन अंजनाबाईकडे गेला. "बाई, मी गेल्यावर तुमी का का केलं, ते पयल्यापासून सांगा."

तिनं सगळं सांगितलं, बिचारीनं काही लपवलं नाही. पोचट दाणे डोळ्यांनी पाहिले होते, म्हणून एका बांधीचं नव्हे तर चारही बांध्यांचं बी तिनं त्या पाण्यात घातलं. मीठ कमी वाटलं म्हणून आणखी दोन मुठी टाकलं. आणि बी रात्रभर भिजत ठेवलं. या भागात बी रात्रभर भिजवायचंच असतं, आईनं शिकवलेलं, आजीनं शिकवलेलं, हाताला पाठ असलेलं. सकाळी उपसून सावलीत वाळवलं, नूरुद्दीननं सांगितलं होतं तसं.

"धुतलं नाई?"

"धुवाचं होतं का?" अंजनाबाईनं विचारलं.

मिठाच्या पाण्यातून बी लगेच काढायचं असतं, आणि साध्या पाण्यानं दोनदा धुवायचं असतं. हे कागदावर छापलेलं होतं, नूरुद्दीनला झोपेतही पाठ होतं, आणि त्यानं ते सांगितलंच नव्हतं. हात झटकायचे तर तेव्हाच झटकता आले असते. बाई, रात्रभर ठेवा असं मी कुठं म्हटलं होतं, एवढं एक वाक्य पुरलं असतं, आणि ते खोटंही नव्हतं. पण तो म्हणाला, "हो बाई, दोन पान्यानं धुवाचं होतं. मी सांगतलं नाई. चूक माझी हाये." पायातली चप्पल चिखलात रुतली होती, ती काढायचंही त्याला सुचेना.

ऑफिसात वरिष्ठांनी त्याला समजावलं. माणूस वाईट नव्हता, पण मुरलेला होता. म्हणाले, "अरे, पावसाचा खंड पडला म्हणून उगवण झाली नाही, असं लिही. तुझी नोकरी अजून पक्की व्हायची आहे. आपलं काम नुसतं सांगायचं, पुढचं शेतकऱ्याचं." नूरुद्दीननं रजिस्टर उघडलं, 'यशस्वी'वर रेघ मारली आणि खाली लिहिलं, 'बियाणे धुण्यास सांगितले नाही. उगवण नाही. चूक माझी.' वरिष्ठांनी कपाळावर हात मारला.

संध्याकाळी ताट वाढून जैनब समोर बसली. हा घास उचलेना. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "कल्हई उडाली की अब्बा का करायचे?"

त्याला सांगायची गरज नव्हती. बाजारात अख्ख्या जगाला ठाऊक होतं. महिन्याच्या आत कल्हई उडाली तर त्याचा बाप गिऱ्हाइकाची वाट पाहत नसे. स्वतः त्या घरी जाई, दारात उभा राही, "माझं काम कच्चं निघालं, भांडं द्या" म्हणे आणि डोक्यावर भांडं घेऊन परत येई. भर बाजारातून. लहानपणी नूरुद्दीनला त्याची लाज वाटायची.

"मंग जेवा आन जा," जैनब म्हणाली.

आता या मुलखाची एक रीत आहे, ती सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. इथं पऱ्हे विकत नाहीत. ज्याची रोवणी आटोपली आणि रोपं उरली, त्यानं ती नसलेल्याला द्यायची. पण मागणाऱ्यानं स्वतः यायचं, देणाऱ्याच्या धुऱ्यावर उभं राहायचं, आणि आपले पऱ्हे कशानं गेले ते चार माणसांत सांगायचं. गुरांनी खाल्ले, तर राखण का केली नाही तेही सांगायचं. यात कोणाला कमीपणा द्यायचा हेतू नसतो, एकाच्या चुकीतून दुसरा शहाणा व्हावा म्हणून ती रीत. पण ज्यानं जन्मात कोणाकडे मागितलं नाही त्याला ती रीत विंचवासारखी डसते. देवराव म्हणाला, "उपाशी राहीन, पन कोनाच्या धुऱ्यावर उभा नाई राह्यनार." आणि तो तसाच होता, राहिला असता उपाशी, घरच्या पाचही जणांना घेऊन.

"तुमी नका जाऊ," नूरुद्दीन म्हणाला. "पऱ्हे माझ्यानं गेले, मागनारा मी."

कोणाकडे उरले आहेत ते सुकरीला माहीत असायचं. सुकरी ही गोंडटोल्याची बाई, रोवणीच्या बायांची म्होरकी. तिची टोळी रोज एका बांधीत, त्यामुळे कोणाचे पऱ्हे पुरले, कोणाचे उरले, ती बोटावर सांगे. तिनं नावं सांगितली आणि नूरुद्दीन सायकल घेऊन निघाला. आणि गावं कोणती? तीच सात. जिथं दोन वर्षं तो 'असं करा, तसं करा' सांगत फिरला होता, तिथंच आता आपण काय चुकलो ते सांगायचं होतं.

पहिला धुरा मुखरूचा. मुखरूनं रीतीप्रमाणं विचारलं, "का झालं पऱ्ह्याले?" बांधीतल्या आठ-दहा बाया पाठ सरळ करून ऐकायला लागल्या. नूरुद्दीननं सगळं सांगितलं, शिपायाच्या निरोपापासून 'धुवाचं होतं का' पर्यंत.

"म्हंजे बियाचं लोनचं घातलं म्हना ना, साहेब," मुखरू म्हणाला. अख्खी बांधी हसली. एक बाई तर चिखलात बसली हसून हसून. नूरुद्दीन धुऱ्यावर उभाच राहिला. हसू ओसरल्यावर मुखरूनं चाळीस पेंढ्या बांधून दिल्या, आणि हा सायकल वळवत असताना मागून विचारलं, "पन साहेब, धुवाचं किती पान्यानं?"

"दोन पान्यानं. आन मिठात ठेवाचं नाई, लगेच काढाचं."

"दोन पान्यानं," मुखरूनं म्हणून पाहिलं. बांधीतल्या बायाही म्हणाल्या. दोन वर्षांच्या सभांत जे कोणाच्या डोक्यात शिरलं नव्हतं ते त्या धुऱ्यावर पाच मिनिटांत शिरलं. लोकांना शहाण्याचा उपदेश लक्षात राहत नाही, चुकलेल्याची गोष्ट राहते.

अकरा दिवस हे चाललं. सायकलच्या मागे पेंढ्या, पुढच्या दांडीवर पेंढ्या, मुळांचं गढूळ पाणी त्याच्या पाठीवरून वाहायचं. नाला भरला की सायकल खांद्यावर आणि पेंढ्या डोक्यावर. तिसऱ्या गावानं बैलबंडी दिली, पाचव्या गावात म्हातारा देवाजी म्हणाला, "साहेब, तुमची लोनच्याची गोष्ट काल आमच्याकडे पोचली, पन तुमच्या तोंडून आयकू द्या." आणि यानं पुन्हा पहिल्यापासून सांगितली. लाज ही चीज अशी, पहिल्या धुऱ्यावर सोलून काढते, सातव्यावर सवयीची होते.

आणलेली रोपं दुसऱ्या दिवशी रोवलीच पाहिजेत. सुकरीच्या बाया दिवसभराचं काम आटोपून येत आणि अंधार पडेपर्यंत देवरावच्या बांधीत वाकत. अंजनाबाई त्यांच्या ओळीत. शेवटच्या दिवशी नूरुद्दीननंही पँट गुडघ्यावर दुमडली आणि चिखलात उतरला. सुकरीनं त्यानं लावलेली सगळी ओळ उपटली, पुन्हा नीट रोवली आणि म्हणाली, "भाऊ, तुमी मीठच मोजा." देवराव धुऱ्यावरून पाहत होता.

कार्तिकात त्या चार बांध्या पाहायला लोक वाट वाकडी करून येत. सात गावांची रोपं, सात जातींचा धान. एक पट्टा पिवळा, शेजारचा हिरवा, कुठं कमरेएवढा, कुठं गुडघ्याएवढा. जो माणूस 'धानात भेसळ ठेवू नका' म्हणून घसा कोरडा करायचा, त्याच्याच हातची ही भेसळ. कापणी तीन वेळा करावी लागली. दरसालच्या पाऊण धान झाला. पण कणगीत दाणा पडला, आणि पुढच्या आषाढापर्यंत त्या घरातल्या पाच माणसांनी दोन्ही वेळ भात खाल्ला. कोणाच्या दारी गेले नाहीत.

पुढच्या जूनमध्ये नूरुद्दीननं हरणटोल्यात पुन्हा प्रात्यक्षिक ठेवलं. येईल कोण, अशी धाकधूक होती. सगळ्यांत आधी देवराव आला, स्वतःची बादली घेऊन. समोर बसला आणि म्हणाला, "साहेब, आज कलेक्टरचा निरोप आला तरी उठाचं नाई. पुरं सांगून जाचं."

तेव्हापासून नूरुद्दीनची कामाची पद्धतच ती झाली. प्रत्येक सभेची सुरुवात तो स्वतःच्या चुकीनं करायचा. वरिष्ठ म्हणायचे, खात्याची अब्रू जाते. हा ऐकायचा आणि पुन्हा तेच सांगायचा. मग धान असो की परसातली भेंडी, शेवटच्या माणसानं सगळी कृती उलट त्याला म्हणून दाखवली नाही तोवर सायकलला हात लावायचा नाही. एकदा एका म्हातारीला चार वेळा म्हणायला लावलं, ती चिडून म्हणाली, "बाप्पा, लगीन लावून राह्यला का माह्यं?" नोकरी पक्की झाली, सायकलीची लुना झाली, सात गावं त्याला 'नुरूभाऊ' म्हणायला लागली. असा सरकारी माणूस शंभरात एक निघाला तरी मुलखाचं नशीब म्हणायचं. देवराव मात्र 'साहेब'च म्हणायचा. तोंडभर कौतुक सोडाच, बोटभरही नाही.

२००४ च्या जूनमध्ये नूरुद्दीनची बदली भद्रावतीकडे झाली. विहाराच्या त्याच ओट्यावर निरोपाची सभा झाली. शाल-नारळ झालं. बायांनी त्याला बियांच्या पुड्या दिल्या, आपापल्या परसातल्या वांग्याच्या, वालाच्या, कॅलेंडरच्या कागदात बांधलेल्या, जैनब बांधायची तशा. मुखरू सहा कोसांवरून आला होता. देवराव तेवढा आला नाही. नूरुद्दीननं दोनदा मान वळवून पाहिलं. मनात म्हणाला, ठीक आहे, त्या माणसाचं वर्षाचं पीक आपण घालवायला निघालो होतो, विसरणार कसा?

तरी जाता जाता लुना त्यानं त्या घराकडे वळवली. न भेटता जाणं जिवावर आलं.

देवराव अंगणातच होता. सत्तरी उलटलेली, नजर अधू झालेली. समोर बादली, बादलीत बी, आणि अंजनाबाई पितळी गुंडातून पाणी ओतत होती. पोचट दाणे बाजूला काढलेले होते. देवरावनं हातानं बी घोळवलं, पाणी ओतून दिलं. एक पाणी झालं. पुन्हा घोळवलं, पुन्हा ओतलं, दोन झाली. नूरुद्दीन मांडवाच्या मेढीशी उभा राहून पाहत होता. अंजनाबाईनं पुन्हा गुंड उचलला आणि तिसऱ्यांदा पाणी घातलं.

राहवेना तेव्हा तो म्हणाला, "भाऊ, दोन पानी पुरे हायेत. तिसऱ्यानं काही फरक नाई पडत."

देवरावनं वर पाहिलं नाही. बादलीत हात फिरत राहिला. "दोन पानी तुमच्या पुस्तकातले," तो म्हणाला. "धानासाठी. तिसरं तुमच्या नावाचं, नुरूभाऊ. अकरा साल झाले, घालून राह्यलो." मग म्हणाला, "माह्या घरच्या भातासाठी तुमी सात धुऱ्यांवर उभे राह्यले. मले एकावर नसतं जमलं."

अंजनाबाई म्हणाली, "सभेले चला म्हटलं याह्यले, तं म्हनते, चार लोकात डोळ्यातून पानी आलं तं?"

नूरुद्दीननं खांद्यावरची शाल काढून बाजेवर ठेवली, बाह्या दुमडल्या आणि बादलीशी बसला. तिसरं पाणी दोघांनी मिळून ओतलं, बी उपसलं, चादरीवर सावलीत पसरलं. शेवटचा दाणा पसरून होईस्तोवर तो उठला नाही. भद्रावतीची गाडी चुकली.